कण्याचं लाकूड

१४ नोव्हेंबर

भाऊजी,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरला असाल, तर आधीच सांगते: कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही 'हं' आणि 'बरं' यांच्यापुढे जात नाही, आणि आमचा फोन शेडमध्ये. मी बोलायला लागले की तिथले सगळे रंधे थांबतात आणि मिस्त्रीला नेमका तेव्हाच चहा आठवतो. म्हणून पत्र.

तुमच्या दादांना नावेचं काम मिळालंय. लाकडाच्या नावेचं. मुद्दाम लिहिते, कारण त्या फायबरच्या होड्यांच्या कारखान्यात बसून तुम्हाला वाटत असेल की शेडमध्ये आता आम्ही कोंबड्या पाळतो. खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेणारा होडीवाला तुम्हाला आठवत असेल, तो सदा घसा बसलेला. मामंजींनी त्याच्या वडिलांना बांधून दिलेली नाव तो अजून चालवत होता. ती आता पाणी घ्यायला लागलीय. तर तो आला आणि म्हणाला, तशीच दुसरी द्या, तळाचा कणा मात्र एकसंध हवा, जोड नको. हे आत आले आणि मला म्हणाले, आज काहीतरी गोड कर. ह्यांच्या मानानं हे भाषणच झालं.

पण कण्याला लाकूड मिळेना. सगळ्या वखारी पालथ्या घातल्या. जो तो ट्रकच्या मापानं तोडलेले ओंडके दाखवतो. नावेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जाईल असं खोड कुणाकडेच नाही. मोठ्या वखारवाल्यानं तर दोन तुकडे जोडून घ्या असा शहाणपणा शिकवला. हे समोरचा चहा तसाच टाकून उठले. तुम्हीही जोडूनच घ्या म्हणाला असतात, आणि तुमची दोघांची पुन्हा जुंपली असती. मामंजी गेल्यावर तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, लाकडाचे दिवस संपले, शेडला कुलूप लावा. हे म्हणाले, पुन्हा इथे पाऊल टाकू नकोस. तेव्हापासून दोघांनीही शब्द पाळलाय. एवढ्यापुरते तरी सख्खे भाऊ शोभता.

आता असं ठरलंय की डोंगरात जाऊन उभं झाड निवडायचं, मामंजी निवडायचे तसं. आणि ह्यांच्या बरोबर मी जायचं. लग्न होऊन आले तेव्हापासून लाकूड बघायला ह्यांनी मला कधी नेलं नाही, तो मान तुमचा. का म्हणून विचारलं तर म्हणाले, सोबत म्हणून. मिस्त्रीला का नेत नाही, तर त्याचे गुडघे दुखतात. मिस्त्रीच्या गुडघ्यांबद्दल मी पहिल्यांदाच ऐकलं.

तेव्हा भांडण राहू द्या बाजूला. झाड बघताना नेमकं काय बघतात तेवढं मला कळवा. ह्यांना विचारलं तर म्हणतात, तू नुसती बरोबर चल. मला नुसतं चालायचा कंटाळा येतो.

तुमची वहिनी


२ डिसेंबर

भाऊजी,

तुमचं कार्ड मिळालं. किती काळानं तुमचं अक्षर या घरात आलं. पण आम्ही डोंगरातून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी ते माझ्या हातात पडलं. हे शेडमध्ये होते. मी दारातच उभ्यानं वाचलं आणि तांदळाच्या डब्याखाली सरकवून ठेवलं.

आधी झाडाचं सांगते. पुढे जंगल खात्याचा गार्ड, मध्ये हे, मागे मी. तोडायला परवानगी असलेली झाडं गार्ड दाखवत होता आणि हे एकेक नापास करत होते. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं ठोकायचं, खोडाला कान लावायचा, मग दोन्ही हातांनी साल चाचपत झाडाभोवती फिरायचं. एक पोकळ निघालं. एकाला खालीच फांदी फुटलेली. एकाचं काय बिनसलं ते मला कळलं नाही. दुपार झाली तशी गार्डच्या कपाळावरची आठी जाईना. माझेही पाय भरून आले होते, आणि खरं सांगते, ह्यांचा चेहरा उतरत चाललेला मला बघवेना.

मग ओढ्याच्या काठावर हे झाड भेटलं. वर मान मोडेपर्यंत फांदी नाही. ह्यांनी ठोकलं, ऐकलं, मिठीत मावेल तेवढं मिठीत घेतलं. सगळा थकवा गेला तोंडावरचा. मला म्हणाले, वरपर्यंत सरळ गेलंय ना? मी म्हटलं, गेलंय. म्हणाले, सालीच्या रेघा? सरळ उभ्या चढतात ना? मी वर बघितलं आणि म्हटलं, हो, सरळ. ह्यांनी खोडाला कपाळ टेकलं. गार्डनं सुटका झाल्यासारखा आपला शिक्क्याचा हातोडा काढला आणि बुंध्यावर शिक्का मारून टाकला.

आता पुढचं वाचून हे पत्र फाडून टाका. तुमच्या दादांना दिसत नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही, पण कडेकडेनं गेलंय आणि मधलंही विरत चाललंय. डॉक्टर म्हणाला, गेलं ते येणार नाही, उरलंय ते जपा. शेडमध्ये कुणाला सांगितलेलं नाही. हत्यारं भिंतीवर जागच्या जागी असतात, म्हणून हातानं सापडतात. मापं बोटांनी घेतात. घरी पाण्याच्या तांब्यावर आधी हात ठेवतात, मग पेला धरतात. डोंगरात मला नेलं ते सोबत म्हणून नव्हे, हे मला त्या झाडाखाली कळलं.

आणि मग घरी आल्यावर तुमचं कार्ड. पोकळ आहे का ते आवाजावरून कळतं, गाठी हाताला लागतात, पण मुख्य म्हणजे पीळ. तो लांब मागे जाऊनच बघायचा, कारण हाताला हातभरच झाड कळतं. रेघा मळसूत्रासारख्या फिरत चढत असतील तर ते झाड कण्याला घ्यायचं नाही, मग ते कितीही देखणं असो. बरोबर लिहिलं ना मी? पाठ झालंय.

मला वाटतं रेघा सरळच होत्या. चढावर आपणच तिरके उभे असतो, मग सरळ काय नि तिरकं काय. लांब मागे मी गेले नव्हते, मागे ओढा होता. तुम्ही म्हणाल, झाड अजून उभं आहे, पुन्हा जाऊन बघा. पण ह्यांना काय सांगून नेऊ? परत आल्यापासून हे जेवताना बोलतात, भाऊजी. मामंजी झाड कसं निवडायचे, तुम्ही लहानपणी फांदीवर चढून कसे अडकला होतात, सगळं. या घरात जेवताना बोलणं मी आजवर ऐकलं नव्हतं.

तोड पुढच्या आठवड्यात आहे.

वहिनी


२३ डिसेंबर

भाऊजी,

'पीळ नाही ना, नक्की?' एवढंच लिहायला एक कार्ड खर्च केलंत. त्याचं शेवटी सांगते. आधी लाकूड कसं आणलं ते ऐका.

झाड पडलं ते चांगलं पडलं, ओढ्यात गेलं नाही. बैलांनी ओढत रस्त्यापर्यंत काढलं. पास, शिक्के, नाक्यावरची तपासणी, सगळं यथासांग झालं. नाक्यावरच्या साहेबानं खोडाकडे बघून विचारलं, याचं काय करणार? हे म्हणाले, नाव. साहेब म्हणाला, अजून बांधतात? मला तुमची आठवण झाली.

पण तुम्हाला माहीत आहे, एवढं लांब खोड ट्रकवर बसत नाही. पुढचं टोक ट्रकवर, मागच्या टोकाखाली वेगळी दोन चाकं, आणि त्या चाकांना तो लांब दांडा. वळण आलं की दांडा धरून मागून चालणाऱ्या माणसानं शेपूट उलट्या बाजूला काढायचं. ते काम तुमचं. दादा ट्रकपाशी आणि तुम्ही शेपटाशी, मध्ये एकमेकांचं तोंडही दिसत नाही, तरी तुम्ही दोघं खोड बाजारातून कुणाच्या पायरीला न लागता आणायचात असं मिस्त्री अजून सांगतो. ड्रायव्हरच्या क्लीनरला ते जमेना. पहिल्याच वळणाला त्यानं खोड कठड्यावर घातलं. तेव्हा ह्यांनी त्याच्या हातातून दांडा घेतला.

मी काय करणार? खोडाच्या टोकाला माझा जुना लाल टॉवेल बांधला होता, त्याच्या बाजूनं मी चालायला लागले. गप्पा मारल्यासारखं करून सांगायचे, आता डावीकडे घ्या, आता खड्डा आहे, आता राहू द्या. घाट उतरलो. ह्यांना घाम फुटलेला, पण खूष होते. क्लीनर मला म्हणाला, काकू, तुम्ही फार बोलता हो. मी म्हटलं, सवय आहे.

बाजाराच्या वरच्या कोपऱ्यावर, शिंप्याच्या दुकानापाशी, घोळ झाला. तिथे रस्ता किती अरुंद आहे ते तुम्हाला सांगायला नको. पलीकडून टेम्पो आला म्हणून मी वळून ह्यांच्या समोर आले आणि म्हटलं, उजवीकडे. मी ह्यांच्याकडे तोंड करून उभी होते, तेव्हा माझं उजवं ते ह्यांचं डावं. ह्यांनी आपल्या उजव्या हाताला दांडा रेटला. शेपूट फिरलं आणि शिंप्याच्या भिंतीचा कोपरा घेऊन गेलं. दांडा उसळून ह्यांच्या बरगडीत बसला आणि हे गटारात पडले. शिंपी तोंडातला दोरा न काढताच बाहेर आला. ड्रायव्हर उतरून ओरडला, दिसत नाही का म्हाताऱ्या? सगळा बाजार गोळा झाला.

हे उठले, धोतर... नाही, पँट झटकली. बघा, धोतर नेसायचे ते मामंजी, हल्ली त्यांचंच सगळं आठवत बसलेय. शिंप्याला म्हणाले, चौकटीसकट कोपरा मी स्वतः येऊन नीट करून देतो. मग मला हळू आवाजात म्हणाले, उजवं म्हणताना माझं उजवं म्हणत जा. मला तिथेच रडू फुटलं असतं, पण लोक होते. पुढे चालताना एवढंच म्हणाले, तो असता तर. वाक्य पुरं केलं नाही. तो म्हणजे कोण, हे मीही विचारलं नाही.

बरगडी ठणकते, पण मोडलेली नाही. खोड शेडमध्ये पोचलं. मिस्त्रीनं येऊन त्यावर हात फिरवला, कामगारांनी चहा घेतला, सगळ्यांनी वाखाणलं. पिळाचं तुम्ही विचारलंत. आता एवढा खटाटोप करून घरी आलेल्या लाकडाबद्दल काय लिहायचं? इथे थंडी चांगली पडलीय. तुमच्याकडे कशी आहे?

वहिनी


११ जानेवारी

भाऊजी,

पीळ आहे.

साल सोलली. दोन्ही टोकांना डांबर फासलं, वर ओली पोती टाकली, म्हणजे लाकूड सावकाश सुकावं आणि तडकू नये. तरी आठवड्याभरात वरच्या अंगाला बारीक चीर दिसली. केसाएवढी. ती सरळ जात नाही. या टोकाला माथ्यावर निघते आणि त्या टोकाला पोचेपर्यंत कुशीवर उतरते. आता हे मलाही वाचता येतं. तुमचं कार्ड नसतं तर ती नुसती एक चीर होती.

मिस्त्रीनं माझ्या आधी बघितली होती. आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्यानं दोघा कामगार पोरांना हाक मारली, पहारी लावल्या आणि खोड पलटवून चीर खाली केली. हे आतून बाहेर आले तर म्हणाला, बूड नीट बसत नव्हतं. हे म्हणाले, बरं केलंस. तेव्हापासून शेडमध्ये सगळे मूग गिळून बसलेत. कामगार ह्यांच्याशी जरा जास्तच आदरानं बोलतात. ह्यांना वाटतं नव्या कामाचा हुरूप आहे.

तुम्हाला काय शिकवायचं, पण मिस्त्रीनं मला सांगितलं ते लिहिते, म्हणजे मला सगळं कळून मी हे करतेय हे तुम्हाला कळेल. असं लाकूड सुकेल तसं फिरत जातं. कणा फिरला की त्याच्यावर बसवलेल्या फळ्यांचे सांधे उघडतात. शेडमध्ये काही होत नाही. पाण्यात उतरवतानाही होत नाही. वर्षा-दोन वर्षांनी कधीतरी, भरलेली नाव खाडीच्या मध्यावर असताना होतं. आणि ही नाव रोज भरलेलीच असणार आहे. सकाळी शाळेतली मुलं, दुपारी बाजारच्या बायका.

मग सांगत का नाहीस, असं म्हणाल. दोनदा गेले सांगायला. पहिल्यांदा हे खोडाला टेकून विडी ओढत बसले होते. मला शेजारी बसवलं आणि म्हणाले, "ही एवढी एक पाण्यात उतरली की मग डोळे गेले तरी चालतील." डोळ्यांबद्दल हे माझ्याशी स्वतःहून पहिल्यांदा बोलले. मी उठून चहा करायला गेले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा हे सुताला खडू लावून खोडावर रेघ मारत होते, बोटांनी मधलं माप काढून. रेघ बरोबर मधोमध पडली होती. मला म्हणाले, बघ बरोबर आहे का. मी म्हटलं, बरोबर आहे. ते खोटं नव्हतं, रेघ खरंच बरोबर होती.

भाऊजी, मी रात्रंदिवस विचार केलाय. इथे प्रत्येकाला ह्यांची माया आहे. मिस्त्रीला आहे, पोरांना आहे, मला तर आहेच. म्हणून इथे कुणाच्याही तोंडून ह्यांना खरं कळणार नाही. ह्यांच्यावर रागावलेला माणूस जगात एकच आहे, तो म्हणजे तुम्ही. तुम्ही या. येऊन तोंडावर सांगा. यायचं नसेल तर लिहा, पण मला नको, ह्यांना लिहा. राग धरून लिहा, टोचून लिहा, चालेल. भांडण झालं तर होऊ दे. तुमच्याशी भांडायची ह्यांना सवय आहे, हे त्यातून उठतील. माझ्याकडून ऐकलं तर उठणार नाहीत असं मला वाटतं.

हे बरोबर नाही हे मला कळतं. तुमच्या भांडणाच्या आगीवर मी माझी पोळी भाजत नाहीये, एवढं मात्र खरं.

वहिनी


१९ जानेवारी

भाऊजी,

उत्तर नाही. पत्र पोचलं की नाही तेवढं तरी कळवा.

सोमवारी वाकसानं लाकूड तासायला सुरुवात करणार आहेत. एकदा तासायला लागले की चीर कुणाच्याही हाताला लागेल, ह्यांच्याही. आणि नाही लागली तर आणखी वाईट. मिस्त्री कामावर आलेला नाही. गुडघे दुखतात असा निरोप आहे, आणि या वेळी मला ते खरं वाटतं.

काल होडीवाला येऊन गेला. सूनबाईला आणि तिच्या लेकीला घेऊन आला होता, नव्या नावेचं लाकूड दाखवायला. ती मुलगी खोडावर चढून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात पसरून चालली. होडीवाला बसक्या आवाजात म्हणाला, हिचीच नाव होणार आहे ही पुढे. हे हसले. मी आत निघून गेले आणि भांडी घासलेली पुन्हा घासली.

राग आला असेल तर तोही कळवा. पण लवकर.

वहिनी


२ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पत्र आलं. ह्यांच्या नावानं, मी सांगितलं होतं तसं. मिस्त्रीवाचून तासायचं काम तोवर अडून राहिलं होतं, तेवढं बरं.

मी मनात असं धरून चालले होते की तुम्ही याल, शेडमध्ये तुमचा आवाज चढेल, ह्यांचा चढेल, आणि मी स्वयंपाकघरात असेन. आणि आला नाहीत तर पत्र येईल, ते हे वाचतील. हे वाचतील! माझी अक्कल कुठे गहाण पडली होती कोण जाणे. पोस्टमननं पाकीट ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी ते उलटसुलट केलं, अगदी नाकाशी नेलं, आणि माझ्यापुढे धरलं. म्हणाले, चष्मा कुठे ठेवलाय सापडत नाही, वाच. चष्मा ह्यांच्या खिशातच होता.

तेव्हा मी वाचलं. तुम्ही माझं ऐकून चांगलं टोचून लिहिलंत. 'दादा, तू आणलेल्या खोडात पीळ आहे. तो कणा घालू नकोस, माणसं बुडतील. तुला दिसत नाही हे मला वहिनीनं कळवलंय. पिळाचंही तिनंच कळवलंय. झाड उभं होतं तेव्हाच मी तिला कार्डावर लिहिलं होतं.' शेवटच्या दोन ओळी गाळता आल्या असत्या. ह्यांना कधी कळलं नसतं. पण मी त्याही वाचल्या.

हे उठले आणि शेडकडे निघाले. मी हात धरायला गेले तर धरू दिला नाही. शेडमध्ये म्हणाले, पलटवा. कुणी हलेना. पुन्हा म्हणाले तेव्हा पोरांनी पहारी घेतल्या. चीर वर आली, आता चांगली रुंद झालीय. मला म्हणाले, माझं बोट ठेव तिच्यावर. मी ह्यांचं बोट धरून चिरेवर ठेवलं आणि सोडलं. हे तिच्याबरोबर चालत गेले. बोट वरून बाजूला उतरलं, हे वाकले, मग गुडघ्यावर बसले, आणि त्या टोकाला पोचले तेव्हा हात खोडाच्या पोटाखाली होता. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, हे कण्याला नाही. कापा, बाकांना होईल. होडीवाल्याला मी सांगतो.

मला वाटलं होतं हे कोसळतील. नाही कोसळले. मी ह्यांना एवढं कच्चं समजत होते, त्याचीच आता लाज वाटते.

संध्याकाळी मला विचारलं, डोंगरात तुला दिसलं होतं? मी म्हटलं, रेघा कलल्यासारख्या वाटल्या होत्या. म्हणाले, आणि त्याचं कार्ड आलं तेव्हा झाड उभं होतं. मी म्हटलं, हो. मग म्हणाले, "मी तुला विचारलं, कारण मला दिसत नव्हतं. तुला माहीत होतं का विचारतोय ते." मी म्हटलं, तुमचं तोंड बघून मला नाही म्हणवेना. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. जेवताना आता पूर्वीसारखंच गप्प असतात.

दुसऱ्या दिवशी मला कागद घेऊन बसवलं आणि तुम्हाला लिहायला सांगितलं. 'ये. पाऊस लागायच्या आत दुसरं झाड बघायचंय, त्याला तू पाहिजेस.' दोनच वाक्यं. मी तशीच्या तशी लिहिली. खाली ह्यांनी सही केली, ती कागदाच्या बाहेर जायची राहिली. मग कागदाची घडी करून खिशात घातली आणि धक्क्यावरच्या दोरवाल्याच्या दुकानात गेले. मी मागोमाग गेले, रस्त्यात पडतील म्हणून. त्या दोरवाल्याशी ह्यांचं कधी पटलेलं नाही, समोरासमोर आले तर दोघंही तोंड फिरवतात. हे त्याच्यापुढे कागद धरून म्हणाले, यात काय लिहिलंय ते मोठ्यानं वाच. त्यानं माझ्याकडे बघितलं. मग वाचलं. हे म्हणाले, एवढंच आहे? तो म्हणाला, एवढंच. पत्ताही ह्यांनी त्याच्याकडूनच लिहवून घेतला.

ते पाकीट तुम्हाला एव्हाना मिळालं असेल. पत्ता कुणाच्या अक्षरात आहे असं वाटलं असेल, म्हणून कळवलं. त्यातलं सगळं खरं आहे. ह्यांनी तुम्हाला बोलावलंय, आणि मनापासून बोलावलंय. तेव्हा मान-अपमान काढत बसू नका.

मी तुम्हाला यायला सांगत होते तेव्हा मला माहीत नव्हतं काय मागतेय ते. तरी या. रात्री ह्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालावे लागतात. ते मी घालायचे. आता बाटली माझ्या हातात देत नाहीत, मान वर करून स्वतःच घालतात, आणि निम्मे गालावर ओघळतात. मी शेजारी बसलेली असते. तुम्ही आलात की तुमच्या हातून घालून घेतील.

तुमची वहिनी